डाव्या कानामागचा डाग

संपादकांनी पत्रात लिहिलं, "तुम्ही फौजेत होता, दिवाळी अंकासाठी एखादा थरारक प्रसंग लिहा." मी फौजेत होतो हे खरं, पण कारकून म्हणून. बंदूक हातात घेतली ती साहेबांच्या तपासणीपुरती. लढलो तो वाळवीशी, उंदरांशी आणि साहेबांच्या सहीशी. त्यामुळे गोळ्या सुं सुं करत कानावरून गेल्या वगैरे माझ्याकडे काही नाही. पण माझ्या अंगावर खरोखर काटा आला असा एक प्रसंग आहे. तो फौजेतला नाही, नगरच्या सैनिक बोर्डाच्या कचेरीतला आहे. फौजेतून सुटल्यावर मी तिथे चिकटलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिलो.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. माणूस फौजेत भरती झाला की त्याचा एक कागद तयार होतो. नाव, बापाचं नाव, गाव, वारस कोण, उंची किती, छाती किती. पुढे कुठे बदली झाली, कधी आजारी पडला, कधी शिक्षा झाली, सगळं त्यावर चढत जातं. आम्ही त्याला शीट रोल म्हणायचो. माणूस घरी आला तरी तो कागद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो, कुणाचा बेळगावला, कुणाचा जबलपूरला. घरी मिळालेलं डिस्चार्ज बुक मात्र आमच्या लोकांकडे टिकत नाही. कुणाचं घर गळतं, कुणाचं उंदीर खातात, एकाच्या बायकोने तर त्यावर पापड वाळत घातले होते. मग पेन्शन अडते, पोराची फी-माफी अडते आणि मंडळी आमच्या बाकावर येऊन बसतात. त्यांच्यासाठी अर्ज करायचा, अंगठा घ्यायचा, नक्कल मागवायची आणि आली की मोठ्याने वाचून दाखवायची, हा माझा धंदा.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. कागदातलं वय हमखास खोटं असतं. नाव इंग्रज साहेबाने कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. गावाचं तर विचारूच नका, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातल्या राजूरचा एक म्हातारा कागदावर पार कोकणातला निघाला होता. म्हणून भरती करताना अंगावरच्या दोन ओळखखुणा लिहायची पद्धत आहे. तीळ, व्रण, गोंदण, काय असेल ते. बाकी सगळ्यात गफलत झाली तरी माणूस त्या दोन खुणांवरून ओळखता येतो.

श्रीगोंद्याचे एक गृहस्थ होते. मिशा अशा की कचेरीच्या दारातून आधी मिशा आत यायच्या. गावात सगळे त्यांना सुभेदार म्हणत. मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना दाखवायला त्यांना नक्कल हवी होती. नक्कल आली, तर हुद्दा लांगरी, म्हणजे भटारखान्यातला स्वयंपाकी. मी हळू आवाजात वाचलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, एवढी एक ओळ वगळून नक्कल मिळत न्हाई का?" मी म्हटलं, "मिळत नाही, पण पलटणीला उपाशी न ठेवणारा माणूस सुभेदारापेक्षा कमी नसतो." त्यांना ते पटलं नाही. पुढे कुणाच्या तरी तोंडून कळलं, त्या लग्नातला मसालेभात त्यांनी स्वतः केला आणि व्याह्यांनी दोनदा वाढून घेतला.

असे मासले पुष्कळ. हसायचं, चहा प्यायचा, पुढचा अर्ज घ्यायचा. नक्कल हा कागद माणसाच्या बऱ्यासाठीच असतो, असं मला तोवर वाटायचं.

दुष्काळाची ती सालं. बांगलादेशची लढाई होऊन गेली होती आणि दोन्हीकडच्या कैद्यांची अदलाबदल चालली होती. पेपरात परत आलेल्या जवानांचे फोटो यायचे. आमच्या बोर्डाचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मेजरसाहेब. ते जीप काढून तालुक्या-तालुक्यात शिबिरं घेत, आणि मी मागच्या सीटवर अर्जांचे गठ्ठे मांडीवर घेऊन. नेवाशाला बाजाराच्या दिवशी लिंबाखाली टेबल टाकलं. रांगेत सगळे पुरुष, आणि मध्येच एक बाई. चाळिशी ओलांडलेली, रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, तिथून खडी फोडून आलेली. पदर खडीच्या धुळीने पांढरा झालेला, पण कपाळावर कुंकू चांगलं रुपयाएवढं.

मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. आमच्या धंद्यातली ही नेहमीची अडचण. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शेवटी तिने खाली वाकून एक दगड उचलला आणि टेबलावर ठेवला. रांगेतला एक जण हसून म्हणाला, "दगडू म्हना साहेब." तिने होकाराची मान हलवली.

"बाई, अडचण काय आहे?"

"धनी लढाईवर गेल्यात. अजून आलं न्हाईत."

"या लढाईवर?"

"न्हाई वो. इंग्रजाच्या. जर्मन-जपानच्या." मग जरा पुढे वाकून म्हणाली, "आता कैदी सोडाय लागल्यात म्हनं. तवाचं बी कुनी आसंल तर तेवडं बगा."

मेजरसाहेबांनी चष्मा काढला. मी पेन खाली ठेवलं. जवळजवळ तीस वर्षं! तिचं नाव ठकूबाई. नांदायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा नवरा भरती झाला, एकदाच रजेवर आला, नंतर पत्ता नाही. घरच्यांनी तिला सांगितलं होतं, लढाईत बेपत्ता झालाय, सरकार शोधतंय. मेला असं कुणी म्हटलं नाही. तार आली नाही. मग ती सवाशीणच. सासूबाई वारल्या, दिराची पोरं तिने खांद्यावर खेळवली, दिराच्या शेतात राबली आणि रोज सकाळी आंघोळ झाली की कुंकू लावलं. "तुमी निस्तं कळवा," ती म्हणाली, "हायती का न्हाईत. दोनीतलं एक. मधीच लोंबकाळून जीव थकला."

मी अर्ज भरला. पुढच्या वेळी नगरला ती दिराबरोबर आली. दीर म्हणजे रंगनाथ, पन्नाशी उलटलेला, फेटा, धोतर, बोलायला अगदी सालस. बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं, म्हणून बरोबर आला. तिच्यासाठी पाणी आणून दिलं. मला बरं वाटलं, म्हटलं दीर असावा तर असा.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: दगडू वल्द भिवा, या गावचा, असा कुणीही इसम आमच्या दप्तरी नाही. मी दोघांना वाचून दाखवलं. रंगनाथ चटकन उठला. "बगितलं ना ठके? न्हाई म्हनत्यात. आता नाद सोड. चल, येस्टी जाईल."

ठकूबाई उठली नाही. पदराखालून तिने एक जर्मलचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मग काढला. फौजेत जेवणाच्या रांगेत भांडी बदलू नयेत म्हणून जवान आपापल्या मगावर, थाळीवर खिळ्याने नंबर कोरत. रजेवरून परत जाताना तो मग घरी राहिला होता आणि तिने तो पेटीत लुगड्यांखाली ठेवला होता. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "ह्येच्यावर कायतरी कोरल्यालं हाय," ती म्हणाली. "अक्षार हाय का नक्षी, मला काय कळत न्हाई."

अक्षर नव्हतं, आकडे होते. फौजी नंबर! मला तर आनंदाने उडी मारावीशी वाटली. नंबर सापडला की माणूस सापडला. त्या आनंदात मी रंगनाथकडे बघितलं, तर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. फेट्याच्या शेवाने तो घाम पुसत होता. उन्हाळा होता, मला वाटलं उन्हाचा तडाखा.

नंबर टाकून पुन्हा पत्र गेलं. या वेळी जाड पाकीट आलं. शीट रोलची पूर्ण नक्कल. मी कात्रीने पाकीट उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो.

नाव: रंगनाथ वल्द भिवा. गाव तेच. वारस: पत्नी गंगूबाई. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढताना ठार. कुटुंब पेन्शन मंजूर, पत्नी गंगूबाई हिस चालू.

मी खुर्चीत बसलो. पुन्हा वाचलं. रंगनाथ ठार! मग गेल्या खेपेला माझ्यासमोर बाकावर बसून, ठकूबाईला पाणी आणून देऊन गेला तो कोण? आणि गंगूबाई, हे नाव ठकूबाईच्या बोलण्यात आलेलं, म्हणजे तर रंगनाथची बायको, ठकूबाईची जाऊ. जिचा नवरा धडधाकट, ती विधवा म्हणून पेन्शन घेतेय. मी तो कागद घेऊन मेजरसाहेबांच्या खोलीत गेलो, दारावर टकटक करायचंही भान राहिलं नाही. साहेबांनी लढाया बघितलेल्या. त्यांनी कागद वाचला आणि इतकंच म्हणाले, "खुणा बघा."

ओळखखुणा दोन होत्या. उजव्या मनगटावर विंचवाचं गोंदण. डाव्या कानामागे भाजल्याचा डाग.

दोघांना बोलावून घेतलं. मेजरसाहेब स्वतः बाहेर येऊन बसले. मी रंगनाथला म्हटलं, "जरा फेटा काढा." त्याने काढला. डाव्या कानामागे काही नव्हतं. मनगटही कोरं. मी ठकूबाईकडे वळलो. "बाई, तुमच्या धन्याच्या कानामागे..."

"डाग हाय," ती वाक्य पुरं होऊ देईना. "डाव्या. गुऱ्हाळात काईलीतला रस उडाला हुता, ल्हानपनी. आन् हातावर इचू. घावलं का? कुटं हायती?"

मी उत्तर द्यायच्या आत धप्प आवाज झाला. रंगनाथ बाकावरून खाली आला होता. फरशीवर बसून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"म्या न्हाई गेलो, ठके," तो म्हणाला. "माज्या नावावर त्यो गेला."

मग सगळं बाहेर आलं. लढाईच्या काळात भरतीवाले बाजारात येत आणि गावच्या पाटलाने पोरं द्यायची, असा दंडक. पाटलाने रंगनाथचं नाव लिहून दिलं. आदल्या रात्री याचा धीर सुटला, हा उसात जाऊन लपला. पाटलाची अब्रू जायची वेळ आली तेव्हा धाकटा दगडू म्हणाला, मी जातो, नाव दादाचंच सांगतो. नाव दादाचं, म्हणून वारस बायकोही दादाचीच सांगावी लागली. बाकी सगळं कागदावर रंगनाथचं, पण डॉक्टरने तपासलं ते अंग दगडूचं. रजेवर आला तेव्हाही घरात ठरलं होतं की ही गोष्ट धाकट्या सुनेच्या कानावर घालायची नाही, पोरवयाची आहे, पाणवठ्यावर बोलून जाईल.

"तार आली तवा तू म्हायेरी हुतीस," रंगनाथ सांगत होता. "तार माज्या नावाची. खरं सांगावं तर आमी समदी जेलात, पाटील बी. आईनं शपथ घातली. म्हनली, मोटा तरी ऱ्हाऊ दे मला."

असा हा माणूस महसूल खात्यात जिवंत आणि लष्करात मयत. सातबारावर पेरा लावत होता, शेतसारा भरत होता, आणि मयत झाल्यानंतर त्याला तीन मुलं झाली. दोन खात्यांची कधी गाठ पडली नाही. गंगूबाई दर महिन्याला नेवाशाला पेन्शन घ्यायला जायची. गावाबाहेर ओढ्यावर कुंकू पुसायची, मंगळसूत्र कनवटीला लावायची, विधवा म्हणून अंगठा द्यायची आणि परत यायची.

हे ऐकल्यावर ठकूबाईच्या तोंडून आवाज फुटला. "घामानं पुसलं म्हनायच्या जाऊबाई. उन्हाचं चालून आले, घामानं पुसलं ग, लाव जरा." तिने आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "माज्या करंड्यातलं लावायचे म्या. ह्या हातानं. दर म्हैन्याला."

कचेरीत आम्ही चौघे कारकून, दोन पेन्शनर, शिपाई. सगळे हातातलं काम सोडून ऐकत होते. मी फौजेतले मयतीचे कागद शेकड्यांनी हाताळले होते, पण असलं काही ऐकलं नव्हतं. मला रंगनाथच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी उसात लपलेला घाबरा पोर दिसला. काय वाटावं तेच कळेना.

"आन् म्या?" ठकूबाई म्हणाली. "म्या किती पोरींच्या वट्या भरल्या भाऊजी? तुमच्याच लेकीला हळद लावली. सवाशीन म्हनून जेवले दारोदार. रांडमुंड बाई, आन् देवाच्या म्होरं सवाशीन म्हनून बसले. त्ये पाप कुनाच्या माथी?"

रंगनाथने कपाळ फरशीला टेकवलं. "मला वाटलं, दगड्याच्या नावाचा कागदच न्हाई तर येनार कुटून. पन मनातनं वाटायचं, कुनीतरी फोडावं ह्ये. मला न्हाई जमलं."

कुणी वडीलधारी बाई तिथे असती तर तिने ठकूबाईला जवळ घेतलं असतं. आम्ही पुरुष नुसते उभे. मेजरसाहेब एवढंच म्हणाले, "बाई, सरकारच्या वतीने मी तुमची माफी..." तिने हाताने थांबवलं.

"कागदावर मेलं कोन?"

"रंगनाथ," मी म्हटलं.

"मंग कुकू जाऊबाईंचं जायला पायजे. माजं कशापायी?" ती उठली. डोळ्यांत टिपूस नाही. "माजा धनी मेला आसंल तर त्येच्या नावानं मेला पायजे. दुसऱ्याच्या नावानं मेल्याला मानूस माजा न्हाई. त्येचं नाव चडवा कागदावर. तवर म्या कुकू पुसनार न्हाई आन् रडनार बी न्हाई."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी बायकोला सांगायला बसलो आणि तिच्या कपाळाकडे बघून अर्ध्यावर थांबलो.

मेलेल्या जवानाचं नाव बदलायचं, हे प्रकरण आमच्या पुस्तकात नव्हतंच. रंगनाथने मामलेदारापुढे प्रतिज्ञापत्र केलं. जेलात टाकलं तरी चालेल म्हणाला, आणि त्या बाबतीत तो मागे सरला नाही. पाटील केव्हाच वारले होते. मेजरसाहेबांनी वर काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण खटला झाला नाही. गंगूबाईची पेन्शन बंद पडली. गुऱ्हाळावरचा एक म्हातारा गुळव्या साक्षीला आला, ज्याच्या काहिलीतला रस उडाला होता. पत्रं गेली, आली, त्रुटी निघाल्या, पुन्हा गेली.

तिकडे गावात वेगळंच चाललं होतं. बातमी फुटली तशा बायका ठकूबाईला टाळू लागल्या. नवरा मेला हे कळूनही कुंकू लावते म्हणून नाव ठेवू लागल्या. विहिरीवर तिला कुणी आधी पाणी भरू देईना. तिने दिराचं घर सोडलं आणि दुष्काळी कामावरच्या झोपड्यांत राहायला गेली. तिथेही रोज सकाळी कुंकू. मुकादमाने एकदा टोकलं, तर म्हणाली, "सरकारकडं इचार." रस्त्याची पाहणी करायला आलेल्या साहेबाने खरंच आमच्या कचेरीत विचारलं. मी त्याला बसवून सगळं सांगितलं, तो चहा न पिताच गेला.

शेवटी पाकीट आलं. दुरुस्त नक्कल. मी कळवलं, आणि ती या वेळी एकटी आली, नेवाशाहून एसटीने. बाकावर बसली. मी वाचलं: "दगडू वल्द भिवा. पत्नी ठकूबाई. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढताना ठार."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिने कागद हातात घेतला, नाव कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्यावरून अंगठा फिरवला, जसा आपण अर्जावर उठवतो तसा नाही, हळू. मग शिपायाकडे पाणी मागितलं. मला वाटलं प्यायला. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत कपाळ पुसलं. एकदा, दोनदा. कुंकू जुनं, कातडीत मुरलेलं, ते लवकर निघेना. ती चोळत राहिली. मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि ते घरंगळत खाली पडलं, तरी उचलायला वाकलो नाही. ज्या कागदासाठी मी इतका खटपटलो, ज्याचा मला अभिमान होता, तो तिच्या हातात देऊन मी तिला विधवा केलं होतं.

कपाळ लाल झालं होतं, कुंकवाने की चोळल्याने, कळत नव्हतं. बांगड्या तिने तशाच ठेवल्या. कागदाची घडी केली, पदराखाली धरली आणि मेजरसाहेबांकडे बघून अगदी हळू विचारलं,

"सायेब, आता रडले तर चालंल?"

मेजरसाहेबांनी होकाराची मान हलवली आणि शिपायाला खूण केली. आम्ही बाहेर आलो तसं त्याने कचेरीचं दार ओढून घेतलं. आम्ही सगळे कामाच्या भर वेळात व्हरांड्यात उभे राहिलो, आणि आतून तीस वर्षांचं रडणं ऐकू येत राहिलं.